मामाची वही

चवथीला गोव्यात फोंड्याच्या घरी गेले की माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची आरास, बांधता बांधता कोणीतरी विचारतंच, "तू तिथं नेमकं करतेस तरी काय गो?" माझ्याआधी आईच उत्तर देऊन टाकते, "जुने कॉम्प्युटर दुरुस्त करते. फुकट."

आई खोटं बोलत नाही, अर्धं बोलते. सोमवार ते शुक्रवार मी इंग्लंडमधल्या एका कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. कुठलं बटण आधी दाबायचं, लाल दिवा लागला तर काय करायचं, असलं लेखन. एरवी ते कोणी उघडत नाही, पण बिघाड झाला की सगळे तेच शोधत बसतात. घर त्यावर चालतं. शनिवार मात्र माझा. त्या दिवशी मी ब्लेचली पार्कच्या ब्लॉक एचमधल्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये असते, निवृत्त इंजिनिअरांच्या घोळक्यात, हातात चहाचा मग आणि नोंदवही.

दार उघडलं की आधी वास येतो. तापलेले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या यंत्रांतल्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या, आणि त्यांच्यावरची धूळ. फोंड्याच्या बाजारात माझ्या मामाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं अगदी हाच वास असायचा. मामा गिऱ्हाइकांना बजावायचा, रेडिओ सारखा चालू-बंद करू नका, व्हॉल्व्ह त्यानेच जातात. टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातल्या इंजिनिअरचंही हेच म्हणणं होतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे लॉरेन्झ यंत्राचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी त्याने कोलोसस हे यंत्र बांधायला घेतलं, तेव्हा इतके व्हॉल्व्ह एकत्र टिकणारच नाहीत असं जाणकारांना वाटत होतं. तो म्हणाला, बंद करू नका, टिकतील. टिकले.

युद्ध संपल्यावर गुप्ततेपायी बहुतेक कोलोसस मोडले आणि आराखडे जाळून टाकले. १९९३ मध्ये टोनी सेल यांनी ते पुन्हा उभारायला घेतलं तेव्हा हाताशी काही फोटो होते आणि जुन्या इंजिनिअरांनी लपवून ठेवलेले आकृत्यांचे तुकडे. काम पूर्ण व्हायला २००७ उजाडलं.

माझा जीव मात्र शेजारच्या एडसॅकमध्ये गुंतलाय. केंब्रिजला मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेल्या या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्रॅम चालवला. काय छापलं त्याने? ० ते ९९ या आकड्यांचे वर्ग. एवढे ३,००० व्हॉल्व्ह तापवून शाळेतला तक्ता! त्याची स्मरणशक्ती तर आणखी मजेशीर. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या. एका टोकाला स्पंदनं सोडायची, ती ध्वनीच्या वेगाने, म्हणजे विजेच्या मानाने अगदी रमतगमत, दुसऱ्या टोकाला पोचायची, तिथं ती पकडून, ठाकठीक करून पुन्हा पहिल्या टोकाला. पाढा विसरायला नको म्हणून वर्गाबाहेर उभा राहून सारखा पुटपुटणारा पोरगा असतो ना, तसं. पुटपुटणं थांबलं की आठवण गेली. संग्रहालयातल्या आमच्या एडसॅकच्या प्रतिकृतीत पाऱ्याऐवजी निकेलची तार वापरली आहे.

मूळ एडसॅक १९५८ मध्ये मोडीत निघालं. त्याचे पुरेसे आराखडेही उरले नव्हते, त्यामुळे प्रतिकृतीची मंडळी जुने फोटो बघून अंदाज बांधत होती. आणि अचानक २०१४ मध्ये १९ आकृत्या सापडल्या. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एका इंजिनिअरला कधीकाळी त्या कॉरिडॉरमध्ये, फेकायला काढलेल्या सामानात दिसल्या होत्या. राहवलं नाही, म्हणून त्याने गुंडाळी उचलून घरी नेली.

म्हणून मी शनिवारी फारसं सोल्डरिंग करत नाही, लिहिते. कुठल्या चासीवरचा (भाग बसवायच्या धातूच्या चौकटीवरचा) कुठला व्हॉल्व्ह बदलला, का बदलला, त्याआधी कोणता उगाच बदलून पाहिला. हा शेवटचा भाग लिहायला इंजिनिअर लोक फार कुरकुरतात, आणि नंतरच्या माणसाला नेमका तोच हवा असतो.

जाता जाता एक सांगते. गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत आहेत. पण १९४८-४९ मध्ये ते युनेस्कोचे फेलो म्हणून इंग्लंड-अमेरिकेत आले होते, ते गणनयंत्रांचा अभ्यास करायला. एडसॅकच्या खोलीत हे आठवलं की मला उगाच घरचं कोणीतरी आधी येऊन गेल्यासारखं वाटतं.

यंदा चवथीला भाच्यासाठी झेड-८० चिपवरचा एक छोटा संगणक सुट्या भागांत नेला होता. चिप १९७६ सालची, आणि सुट्या झेड-८० च्या शेवटच्या ऑर्डरी ती बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये घेतल्या. बाहेर धो धो पाऊस, दोनदा वीज गेली. तिसऱ्या दिवशी सगळं जोडून झालं आणि काहीच चालेना. भिंगाखाली तासभर शोधल्यावर एका पायाला ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाग, सापडला. "मावशी, हे पण लिहून ठेवू?" भाच्याने विचारलं. ठेव म्हटलं. मग त्याने पहिला प्रोग्रॅम लिहिला, ० ते ९९ चे वर्ग. मी सुचवला होता, कबूल करते.

ते बघून मामीला आठवलं, मामाच्याही वह्या होत्या. दुकान बंद झालं तेव्हा बहुतेक रद्दीत गेल्या, माळ्यावरच्या वाळवीने खाल्ल्या. एकच वाचली होती, तेलाच्या डब्यात. कडा कुरतडलेल्या, पण अक्षर स्वच्छ. प्रत्येक पानावर एक रेडिओ: लक्षण, काय तपासलं, काय निघालं. मी पानापानाचे फोटो काढून आणलेत आणि आता संध्याकाळी टाइप करत बसते. काल पान चौदा झालं. "म्हार्दोळचे मास्तर. खरखर. आधी व्हॉल्व्ह बदलला, उपयोग नाही. कंडेन्सर गळत होता. १२ रुपये. येणे."