चालती गिरणी विकत घेताना

गिरगावातील एका चाळीच्या तळमजल्यावरची पिठाची आणि मसाल्याची चालती गिरणी मी विकत घ्यायचे ठरवले, तेव्हा नवी यंत्रे आणून वेगळी गिरणी टाकणे स्वस्त पडेल, असे अनेकांनी सुनावले. ते खरेही होते. पण नव्या गिरणीत पहिल्याच दिवशी दळणाच्या डब्यांची रांग लागत नाही, आणि मी पैसे मोजणार होतो ते त्या रांगेसाठी.

मात्र डबे किती येतात याचा भरवशाचा पुरावा नव्हता. व्यवहार बहुतेक रोखीचा आणि वही अर्धवट. म्हणून मालक काकांकडे मी बेस्टची जुनी वीजबिले मागितली. गिरणीत वीज दळणाच्या प्रमाणात जळते. गल्ल्याशेजारी बसून किती किलोला मीटर किती पुढे सरकतो हे टिपले, की सांगितलेली उलाढाल खरी की फुगवलेली याचा अंदाज येतो. बिलांत आणखी एक गोष्ट दिसली. उन्हाळ्यात मिरची-मसाल्यामुळे आणि दिवाळीआधी भाजणीमुळे युनिट चढत होते, पावसाळ्यात उतरत होते. काका सांगत होते तो नफा हंगामातल्या महिन्याचा होता. किंमत ठरवताना मी वर्षाची सरासरी धरण्याचा आग्रह धरला आणि गिरणीत उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगारही वजा केला, कारण स्वतःचे श्रम काकांनी कधी खर्चात मांडलेच नव्हते.

जागा पागडीची, म्हणजे एकरकमी मोबदला देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५६ मुळे भाडेहक्क सोडताना मोबदला घेणे कायदेशीर आहे, पण घरमालकाच्या संमतीवाचून हा व्यवहार पुढे जात नाही आणि त्याचा वाटाही द्यावा लागतो. तो वाटा आधी ठरवून, भाडेकरार माझ्या नावे नोंदणीकृत झाल्यावरच मोठी रक्कम द्यायची, हे वकिलांनी बजावले होते. काकांनी त्याच परिसरात दुसरी गिरणी काढू नये, ही अटही करारात आली. भारतीय करार अधिनियम, १८७२ चे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारे करार निरर्थक ठरवते, परंतु नावलौकिकासह धंदा विकणाऱ्यावर वाजवी स्थानिक मर्यादेत असे बंधन घालता येते. काकांच्या मनाला ही अट लागली. “अहो, या वयात मी कुठे गिरणी टाकणार?” असे ते म्हणाले, तरी सही केली. उरलेली रक्कम हप्त्यांनी घ्यायलाही ते तयार झाले. मला वाटते, हप्ते बाकी असेपर्यंत विकणाऱ्यालाही गिरणी चालावी असे मनापासून वाटते.

खरा ताण पहिल्या पावसाळ्यात आला. मंदी येणार हे बिलांवरून ठाऊक होते, तरीही दुपारी रिकामा गल्ला पाहिला की पोटात गोळा येई आणि रात्री झोप लागत नसे. उन्हाळ्याच्या मिळकतीतून पावसाळ्याचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवले होते, त्याचा आधार झाला. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम घेऊन दुकानाच्या पैशाला हात न लावण्याचा नियम पत्नीने माझ्यापेक्षा कठोरपणे पाळला. पण पैशाची सोय झाली म्हणून मन शांत होत नाही. मी टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही सेवा विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते. समुपदेशकाने रात्रीच्या काळज्या कागदावर उतरवून त्यांपैकी उद्या काही करता येईल अशा वेगळ्या काढायला सांगितले.

त्या कागदावर सर्वांत वर जुन्या कारागिराचे नाव होते. जात्याला टाकी लावणे, म्हणजे झिजलेल्या दगडाला पुन्हा खाचे पाडणे, आणि कोणत्या घरची भाजणी किती जाडसर हवी हे ओळखणे, दोन्ही त्यालाच येत होते. तो गावी निघून गेला असता तर यंत्रांसह मी नुसता उभा राहिलो असतो. त्याचा पगार वाढवला, भाजणीच्या आवडीनिवडी घरांच्या नावांसह वहीत उतरवून घेतल्या आणि टाकी लावायला त्याच्या हाताखाली एक मुलगा ठेवला. मुलाचा हात अजून जड आहे, त्यामुळे गव्हाच्या जात्याला अजून त्याला हात लावू देत नाही. ज्वारी-बाजरीचे जाते मात्र आता तोच पाहतो.