उतरणीचा हिशेब

रविवारी दुपारी संस्थेच्या खोलीत एव्हरेस्ट मोहिमेची बैठक होती. विषय एकच, ऑक्सिजन. नियोजन माझ्याकडे आणि पैशांची ओढाताण सगळ्यांनाच ठाऊक. नेपाळ सरकारनं सप्टेंबर २०२५ पासून परदेशी गिर्यारोहकांची वसंत ऋतूतली परवाना फी माणशी ११,००० डॉलरवरून १५,००० केली, तेव्हापासून अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीवर कात्री चालते आहे.

टीममधला सर्वांत तरुण मुलगा तयारीनिशी आला होता. "ताई, गणित साधं आहे," म्हणत त्यानं फळ्यावर मांडलं. चार लिटरची बाटली, दाब ३०० बार, म्हणजे साधारण १,२०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दोन लिटर घेतला तर दहा तास. साउथ कोल, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या कॅम्पची खिंड, साधारण ७,९०० मीटरवर; तिथून रात्री निघून शिखर करून परत यायला अठरा तास धरले, तर २,१६० लिटर. "दोन बाटल्यांत भागतंय. वर २४० लिटर उरतात!"

आकडेमोड बरोबर होती. मी एवढंच विचारलं, शिखराखालच्या धारेवर दोन तास रांगेत उभं राहावं लागलं तर? मे २०१९ मधला त्या रांगेचा फोटो खोलीतल्या प्रत्येकानं पाहिलेला. दोन तास म्हणजे नेमके ते २४० लिटर. त्यात कुणी अवघड टप्प्यावर रेग्युलेटर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणारी चावी, मिनिटाला चार लिटरवर नेला, तर भरलेली बाटली पाच तासांत रिकामी. आणि हा तुटवडा जाणवतो तो उतरताना. पाय थकलेले असतात, डोकं चालत नसतं आणि खाली कोल अजून लांब असतो. मुलगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला, मग त्यानं स्वतःच 'दोन' पुसून 'तीन' लिहिलं.

खरी खडाजंगी पुढे झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवलं, "शेर्पांच्या बाटल्या कमी करू. त्यांना सवय असते."

मला राहवलं नाही. आमच्या बाटल्या पाठीवर घेऊन ८,४०० मीटरवरच्या 'बाल्कनी' नावाच्या टप्प्यापर्यंत जाणारा शेर्पाच. बेस कॅम्पच्या वरच्या खुंबू आइसफॉलमधून, त्या हलत्या बर्फाच्या कड्यांतून, आमच्यापेक्षा किती तरी जास्त फेऱ्या मारणाराही तोच. १८ एप्रिल २०१४ ला त्याच वाटेवर हिमकडा कोसळून १६ नेपाळी माणसं गेली. ती इतरांच्या मोहिमांसाठी राबत होती. "दादा, शेर्पांच्या ऑक्सिजनला हात लावलेला तक्ता माझ्या सहीनं काठमांडूला जाणार नाही," मी म्हणाले. आवाज चढला होता, पण शब्द मागे घेतला नाही. अखेर बाटल्यांचा खर्च निघावा म्हणून दादांनीच जाहिरातीचा माहितीपट रद्द करायला संमती दिली.

मग परतीची वेळ, म्हणजे शिखर गाठलं नसलं तरी मागे फिरायची वेळ. १० मे १९९६ ला दुपारी दोननंतरही लोक वर चढत राहिले. मग वादळ आलं आणि त्यात आठ जण दगावले. आम्ही दुपारी बारा ठरवले.

"आणि शिखर शंभर मीटरवर दिसत असेल तर?" मुलानं विचारलं.

"तरी फिरायचं. वॉकीटॉकीवरून बेस कॅम्प सांगेल, आणि त्यावर तिथं वाद घालायचा नाही. वाद काय घालायचा तो आज, इथं."

त्यानं घातलाही, तासभर. एक वाजता म्हणून अडून बसला. वाऱ्याचे अंदाज, कोलपर्यंतचा उजेड, उरलेल्या बाटल्या असं एकेक पुन्हा मांडलं, तेव्हा बारावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. बाटल्यांची वाढीव मागणी त्याच रात्री काठमांडूला कळवली.