आधी वरण, मग पोळ्या, शेवटी दूध

मे महिन्यात नागपुरात सकाळी अकरानंतर घराबाहेर पडण्याची सोय नसते. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की रस्ते ओस पडतात, आणि सारे घर कूलर असलेल्या एका खोलीत गोळा होते. यंदाच्या उन्हाळ्यात त्या खोलीत आम्ही पाच जणांनी, म्हणजे आमच्या सासूबाई (ज्यांना आम्ही आई म्हणतो), आम्ही दोघे आणि दोन्ही मुलांनी, ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या काही जुन्या मालिका पाहिल्या. आजच्या काळातले खरेखुरे कुटुंब एखाद्या जुन्या काळातल्या घरात राहायला जाते आणि त्या काळाच्या साधनांनी दिवस काढते, असे त्यांचे स्वरूप आहे. पाहताना जे सुचले आणि नंतर आमच्या गच्चीवर जे घडले, ते नोंदवून ठेवावेसे वाटते.

या प्रकाराची सुरुवात म्हणून ज्या मालिकेकडे पाहिले जाते ती 'द १९०० हाउस' १९९९ साली चॅनेल ४ वर आली. लंडनच्या आग्नेय भागात चार्लटन येथे एक जुने घर घेऊन त्यातली वीज काढून टाकली, दिवे गॅसचे केले, स्वयंपाकाला कोळशावर चालणारी लोखंडी भट्टी बसवली, आणि आईवडील व चार मुले असे बाउलर कुटुंब त्यात तीन महिने राहिले. शौचालय घराबाहेर होते, कपडे त्या काळचे होते, आणि एका धुण्यात अख्खा दिवस जात होता. पुढे १९४० च्या दशकातल्या युद्धकाळातील घर झाले, अमेरिकेत मोंटाना राज्यात १८८३ सालच्या वसाहतकऱ्यांचे जगणे झाले. २०१५ साली बीबीसीने 'बॅक इन टाइम फॉर डिनर' या मालिकेत एकाच कुटुंबाला १९५० पासूनच्या दशकांतले जेवण क्रमाने रांधायला आणि खायला लावले. या शेवटच्या मालिकेला भक्कम आधार होता, कारण सामान्य घरांत आठवड्याला काय आणि किती खाल्ले जाते याची नोंद ब्रिटनमध्ये १९४० पासून सरकारी पाहणीत ठेवली जात होती. तिथले रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होते, हे माझ्या मुलाला ऐकून नवल वाटले; युद्ध जिंकलेल्या देशाला पुढे नऊ वर्षे मोजून खावे लागले असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

आमच्या घरातली खरी चर्चा मात्र त्या भट्टीवरून सुरू झाली. चार्लटनच्या घरात ती नीट तापत नाही, आंघोळीला पुरेसे पाणी मिळत नाही आणि सारे कुटुंब हवालदिल होते, हा भाग चालू असताना आईंनी हातातले मेथीचे निवडणे थांबवले आणि म्हणाल्या, "ही बाई काय करून राहिली आहे? विस्तव एकदा जमला की मग एकामागून एक भांडं चढवायचं असतं. हिला कोणी सांगितलं नाही काय?"

आईंचे लग्न १९६४ सालचे. नागपूरच्या महाल या जुन्या भागातल्या वाड्यात अकरा माणसांच्या कुटुंबात त्या सून म्हणून आल्या, आणि १९७९ साली गॅसचा नंबर लागेपर्यंत त्यांचा सारा स्वयंपाक दगडी कोळशाच्या सिगडीवर झाला. नागपूरच्या भोवती उमरेड, कामठी, कन्हान या पट्ट्यात कोळशाच्या खाणी असल्यामुळे इथे दगडी कोळसा टालीवर, म्हणजे वखारीत, सहज मिळे आणि लाकडापेक्षा परवडे. हिवाळ्याच्या संध्याकाळी प्रत्येक दारापुढे एकेक सिगडी धुमसत असायची आणि सगळ्या गल्लीवर धुराचा थर तरंगायचा, हे आमच्या वयाच्या अनेकांनी लहानपणी पाहिलेले आहे.

मुलांनी विचारल्यावर आईंनी जे सांगितले ते मी इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते, याची मला आता खंत वाटते. सिगडीची आच कमी-जास्त करता येत नाही, म्हणून स्वयंपाकाचा क्रम सिगडी ठरवते, बाई ठरवत नाही. कोळसा लालबुंद झाला की पहिल्या जोरावर वरणाचे पाणी ठेवायचे आणि डाळ शिजवायची, त्यामागून भात. आच जरा बसली की भाजी. तिच्यानंतर निखारे सगळीकडून सारखे फुलतात, तेव्हा पोळ्या, कारण त्या वेळी तवा सर्व बाजूंनी सारखा तापतो. आणि विझत चाललेल्या विस्तवावर दूध, जे मग तासभर मंद तापत राहते आणि त्यावर जाड साय येते. मध्येच पाहुणा आला आणि चहा टाकावा लागला तर हा सारा क्रम मोडतो, म्हणून चहासाठी वेगळा स्टोव्ह असे, पण मातीचे तेल रेशनवर मोजून मिळत असल्यामुळे तो जपून वापरायचा. आज जेवणात आधी काय आणि नंतर काय शिजवायचे हा प्रश्नच मला पडत नाही. तीन बर्नर एकाच वेळी चालू असतात.

आईंची जुनी सिगडी गच्चीवरच्या खोलीत होती. गळक्या लोखंडी बादलीला खाली हवेसाठी तोंड कापून, मध्ये सळ्यांची जाळी बसवून, आतून मातीचा जाड लेप दिलेली ती सिगडी आईंनी स्वतः केलेली आहे. लेपाला तडे गेले होते, ते त्यांनी बुजवून दोन दिवस वाळू दिले. दगडी कोळसा मिळाला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून लाकडी कोळसा आणला; "हा तर कोणीही पेटवेल," असे आईंचे त्यावरचे मत होते. पहाटे पाच वाजता, ऊन चढायच्या आत, आम्ही गच्चीवर जमलो. जाळीवर गोवरीचे तुकडे, त्यांवर लाकडाच्या छिलप्या, त्यावर कोळसा, आणि खालचे तोंड वाऱ्याच्या दिशेला. मुलाने पहिल्यांदा कोळसा दाबून भरला आणि सिगडी नुसती धुपत राहिली. आईंनी वरचे चार तुकडे उचलून बाजूला ठेवले, बाकीचे बोटांनी सैल केले, आणि पुठ्ठ्याने वारा घालायला सांगितले. थोड्या वेळाने आतून लाल रेघ दिसू लागली. धूर पूर्ण जाईपर्यंत त्यांनी सिगडी जागची हलू दिली नाही. धुपणारी सिगडी बंद खोलीत नेली तर माणसे झोपेतच जातात, हे त्या प्रत्येकाला दोनदा बजावून सांगत होत्या.

या मालिकांत मला सर्वांत जास्त जाणवलेली उणीव इथेच आहे. निर्माते घर तंतोतंत उभे करतात, भांडी, कपडे, साबण, दिवे सारे शोधून आणतात, पण ज्या माणसांमुळे ते घर चालत होते ती माणसे त्यांना आणता येत नाहीत. १९०० सालची बाई कोळशाची भट्टी पुस्तक वाचून शिकली नव्हती. तिने आईला पाहिले होते, शेजारणीला विचारले होते, आणि बिघडलेली भट्टी कोणाकडून दुरुस्त करून घ्यायची हे तिला ठाऊक होते. बाउलर कुटुंबाला हे सारे एकट्याने, कॅमेऱ्यासमोर, काही आठवड्यांत शिकावे लागले. त्यांची जी तारांबळ उडाली तिला प्रेक्षक जुन्या काळाचे कष्ट समजतात, पण त्यातली निम्मी तारांबळ शिकवणारे कोणी नसल्याची आहे. कष्ट होतेच, आणि ते फार होते. आईंचे उजवे मनगट आजही कपडे पिळताना दुखते. मात्र त्या कष्टांत जाणतेपणही होते, आणि ते पडद्यावर येत नाही.

त्याच मालिकेत काही काळ घरकामाला एक बाई येते, आणि तिला राबवून घेणे गृहिणीच्या मनाला जड जाऊ लागते. तो भाग पाहताना आमच्या खोलीत कोणी बोलले नाही, कारण त्याच सकाळी आमची भांडी घासून गेलेल्या बाईंचे जगणे आम्ही कधी असे जवळून पाहिलेले नाही. आपल्याकडे अशी मालिका करायची ठरवली तर महालातला एखादा वाडा, पितळेची भांडी, तांब्याचा बंब आणि पाटा-वरवंटा मांडून भागणार नाही. त्या वाड्याच्या मागच्या बोळात टोपलीचा संडास होता, आणि तो रोज सकाळी कोणीतरी डोक्यावरून वाहून नेत होते. विहिरीवर कोणी यायचे आणि कोणी नाही हे ठरलेले होते. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातल्या जुन्या घराची गोष्ट हे वगळून सांगणे मला मान्य नाही. कोरड्या संडासांवर आणि मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, म्हणजे माझ्या स्वतःच्या आयुष्यात. त्या घरात आजच्या काळातले कोणते कुटुंब पाठवायचे, आणि ते वाड्याच्या पुढच्या दाराने आत जाईल की मागच्या बोळाने येईल, हे ज्याला ठरवावे लागेल त्याचे काम चॅनेल ४ च्या निर्मात्यांपेक्षा कितीतरी अवघड असेल.

शिवाय आपल्याकडे मागचा काळ सगळ्यांचा एकाच वेळी मागे पडत नाही. चुलीवर रांधणाऱ्या घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली, आईंच्या घरी गॅस आल्यानंतर ३७ वर्षांनी. शहराबाहेर थोडे गेले की चुलीचा धूर अजून दिसतो.

मुलीने आता एक वही केली आहे आणि आजी सांगेल ते तीत लिहून घेणे चालू आहे. कोळशाच्या चुरीचे गोळे कसे करायचे यावर ती सध्या अडली आहे. टालीवरून आणलेल्या पोत्याच्या तळाशी जी चुरी उरते ती मातीत आणि शेणात कालवून, मुठीएवढे गोळे वळून गच्चीवर वाळवायचे, एवढे तिने लिहिले. पण पाणी किती, या प्रश्नाला आजीकडे माप नाही. "वळताना हाताला चिकटलं तर जास्त झालं, फुटलं तर कमी," एवढेच त्या सांगतात. दिवाळीनंतर थंडी पडली की दगडी कोळशाची चुरी कुठून तरी मिळवायची आणि आजीच्या शेजारी बसून गोळे वळायचे, असे मुलीने ठरवले आहे, आणि वहीचे ते पान तोवर कोरे सोडले आहे.