स्पिरिटचा स्टोव्ह, चार मुक्काम आणि तीन स्टँड

पाच दिवसांची चाल, चार मुक्काम, आणि रोज दोन वेळा पाणी उकळायचं ते फक्त स्पिरिटवर. बर्नरच्या वर भांडं ठेवायचे स्टँड तीन होते. २.५ मिमी जाडीच्या स्टीलच्या तारेची वाकवून केलेली तिवई, स्टीलच्या जाळीचं नळकांडं, आणि एकमेकांत अडकणाऱ्या तीन पात्यांचा टायटॅनियमचा घडीचा स्टँड. बर्नर दोन: एक उघड्या तोंडाचा पितळी, दुसरा शीतपेयाच्या कॅनपासून केलेला, कडेच्या भोकांतून पेटणारा. भांडीही दोन, १२० मिमी व्यासाचं बुटकं पातेलं आणि ८० मिमी व्यासाचा उंच मग. एवढा पसारा एरवी कोणी नेत नाही. इथे तो तुलनेसाठीच होता. मागून येणाऱ्याने यातला एकच स्टँड न्यावा. कुठला, हे वजनकाट्यापेक्षा भांड्यावर आणि जमिनीवर जास्त ठरतं.

पहिला मुक्काम गवताळ माळावर. तारेची तिवई रिकामी असताना झकास उभी राहते. तिच्यावर ६०० मिली पाणी चढवलं की एक पाय गवताच्या गड्ड्यावर आणि दोन भुसभुशीत मातीत, अशी तिची गत होते. पहिली काही मिनिटं काही होत नाही. पाणी उकळीला आलं की भांडं थरथरायला लागतं, आणि त्या थरथरीने मातीतले दोन पाय मिलिमीटर-मिलिमीटर आत जातात. भांडं लवंडतं ते बहुतेक वेळा याच क्षणी, म्हणजे नेमकं पाणी सगळ्यात जास्त तापलेलं असताना. चूल लावताना नीट होतं म्हणून पाठ फिरवायची नाही. गवत मुळापासून बाजूला करून हातभर जागा मोकळी करा आणि ती ओली करून घ्या. सांडलेलं स्पिरिट वाहत जातं आणि पेटतच वाहत जातं, शिवाय उजेडात त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही.

इथे जरा भूमितीत शिरायला हवं. ‘तीन पाय कधी डुगडुगत नाहीत’ हे वाक्य खरं आहे पण अर्धंच. तीन पाय कुठल्याही खडबडीत जागेवर टेकतात. म्हणून ते कलंडत नाहीत असं मात्र नाही. पाय ४५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर असतील तर तीन पायांच्या स्टँडची कलंडण्याची रेषा (शेजारच्या दोन पायांना जोडणारी, जिच्यापलीकडे भार गेला की स्टँड लवंडतो ती) मध्यापासून फक्त २२.५ मिमीवर येते. त्याच वर्तुळावर चार पाय असतील तर ती सुमारे ३२ मिमीवर जाते, आणि अखंड कड्याचं नळकांडं असेल तर पूर्ण ४५ मिमीवर. आता ७० मिमी उंचीच्या स्टँडवर बुटक्या पातेल्यात ६०० मिली पाणी ठेवा. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ९७ मिमीवर येतो. तीन पायांचा स्टँड १३ अंशांच्या आसपास कलंडतो, चार पायांचा १८ला, नळकांडं २५ला. पातेल्याऐवजी तेवढंच पाणी उंच मगमध्ये भरलं, तर तीच तिवई १० अंशांचीही तग धरत नाही. यात भांड्याचं आणि स्टँडचं वजन धरलेलं नाही, पण तुलनेला एवढं पुरे.

यातून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी, की पाय फाकवण्याआधी उंची कमी करता येते का ते बघा. वरच्या हिशोबात स्टँड २० मिमीने बुटका केला तर तीन पायांना १३ऐवजी १६ अंश मिळतात. तेवढंच पाय फाकवून मिळवायचं तर प्रत्येक पाय ११-१२ मिमी बाहेर न्यावा लागतो, आणि मग सामान भरताना स्टँड पातेल्यात जेमतेम मावतो. उंची कमी होते ती ठेंगणा बर्नर घेतल्याने. ज्योतीची जागा कापून नव्हे. दुसरी गोष्ट फुकटची आहे: उतारावर तिवईचा एक पाय बरोबर उताराच्या दिशेला करा. पायाच्या दिशेने आधार पूर्ण त्रिज्येएवढा, म्हणजे दोन पायांमधल्या दिशेच्या दुप्पट मिळतो. लांब दांड्याच्या भांड्यालाही हाच नियम, दांडा दोन पायांच्या मध्ये न ठेवता एका पायाच्या वर ठेवायचा. हलकं भांडं अर्धं रिकामं झालं की दांड्याचं वजनच त्याला ओढतं. उतार एकीकडे आणि वाऱ्यापासून दांडा वाचवायचा दुसरीकडे असं झालं तर उताराचं ऐका.

दुसरा मुक्काम कातळावर. इथे सगळं उलटं. नळकांड्याचं कडं खडबडीत दगडावर कुठेतरी तीन टोकांवर टेकतं, आणि ती तीन टोकं एकाच बाजूला आली की ते खुळखुळतं. तिवई मात्र बिनघोर बसली. पात्यांचा स्टँड मधला: खाली तीन कोपरे टेकतात, पण पाती पातळ असल्याने कड खाचेत शिरते आणि खालच्या खाचांमधून येणारी हवा बंद होते. हवा कमी पडली की ज्योत निळी राहत नाही. ती पिवळी होऊन उंच जाते आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरते.

तिसऱ्या मुक्कामाला वाळू होती, आणि सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते इथेच.

तिवईचे पाय वाळूत सुरीसारखे शिरतात. बर्नरचं बूड सपाट आणि रुंद, तो जागच्या जागी राहतो. म्हणजे भांडं खाली येतं आणि बर्नर खाली जात नाही. निघताना ठरवलेलं ३० मिमीचं अंतर दहा मिनिटांत निम्मं झालं. उघड्या तोंडाच्या बर्नरला त्याचं तोंड आणि भांड्याचं बूड यांत साधारण २५ ते ३० मिमी लागतात. त्याहून जवळ आलं की स्पिरिटची वाफ पुरती जळायच्या आतच थंड बुडाला लागते. ज्योत कोंदटते, डोळ्यांत झोंबणारा वास येतो, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पाणी तापायचं थांबल्यासारखं होतं. अंतर फार झालं तर उष्णता कडेने निघून जाते, पण तो तोटा निदान नुसता इंधनाचा असतो. वाळूत पाणी उकळेना म्हणून लोक स्पिरिटला दोष देतात. आधी स्टँडचे पाय किती आत गेलेत ते बघावं.

उपाय साधा आहे, स्टँड आणि बर्नर दोन्ही एकाच ताटलीवर ठेवा. १४० मिमी चौरस, ०.५ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा २६ ग्रॅमला पडतो. खाली जमीन बसली तरी दोघं मिळून बसतात आणि मधलं अंतर तेच राहतं. पत्र्याच्या चारही कडा ५ मिमी वर वळवल्या की सांडलेले चार थेंब तिथेच अडतात. फॉइलची घडी या कामाला चालत नाही. ती पायाखाली फाटते. ताटली नसेल तर सपाट दगड शोधा, पण नदीतला ओला दगड नको. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो.

चौथा मुक्काम खिंडीत, वारा जोराचा आणि जमिनीवर बर्फाचे पट्टे. ताटली थेट बर्फावर ठेवली की मधोमध जास्त वितळतं आणि सगळं डावं-उजवं कलतं. खाली लाकडाची फळी किंवा कोरडा सपाट दगड हवाच. गार स्पिरिट पेटायला नखरे करतं, बाटली आधी कोटाच्या आत ठेवावी. आडोशाचा पत्रा भांड्यापासून ८-१० मिमी लांब राहील असा लावा. तो स्टँडला टेकला तर झुळकेबरोबर भांड्याला धक्का देतो. चहूबाजूंनी घट्ट बंद केला तर बर्नर स्वतःच तापतो, आतलं स्पिरिट उकळतं (स्पिरिटमधलं इथेनॉल ७८ अंशांनाच उकळतं) आणि ज्योत भांड्याच्या कडांवरून वर येते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला तीन-चार बोटांची फट ठेवली की हे टळतं. इथे जाळीचं नळकांडं सरस ठरलं. फळीवर ते घट्ट बसतं, आणि पातेलं कललं तरी जाळीच्या कडेवर अडतं.

उंच मग आणि कडेच्या भोकांचा बर्नर ही जोडी मात्र कुठल्याच मुक्कामाला जमली नाही. ज्योती भोकांतून बाहेर फाकतात, ८० मिमीच्या बुडाच्या पलीकडून वर निघतात आणि मगच्या दांड्याला भाजतात. त्या बर्नरला किमान ११०-१२० मिमीचं बूड द्या, नाहीतर मगसाठी उघड्या तोंडाचा बर्नर घ्या. कडेच्या भोकांचा बर्नर भांडं थेट त्याच्यावर ठेवूनही चालतो, तेव्हा स्टँडचं वजन वाचतं खरं. पण मग सगळा आधार त्याच्या ६५ मिमी व्यासाच्या बुडाचा. सपाट फळीवर ठीक, माळावर नको.

निवड अशी करावी. बुटकं पातेलं असेल आणि वाटेत वाळू, माती, बर्फ असेल तर जाळीचं नळकांडं आणि ताटली. सगळी वाट कातळाची असेल तर तिवई. पात्यांचा स्टँड सगळ्यात कमी जागा घेतो, कशातच पहिला येत नाही, पण कुठे फजितीही करत नाही. वाट अनोळखी असेल तर तो न्यायला हरकत नाही.

नळकांडं स्वतः करायला अर्धा तास लागतो. ६ मिमी चौकोनांची स्टीलची जाळी घ्या. जस्ताचा मुलामा असलेली स्वस्त जाळी घेऊ नका, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि तापून त्याचा धूर झाला तर तो घशाला बाधतो. ३३० मिमी लांब तुकडा कापा, रुंदी बर्नरच्या उंचीत ३० मिमी मिळवून येईल तेवढी. म्हणजे ४० मिमीच्या बर्नरला ७०. गुंडाळून १०० मिमी व्यास होतो आणि १५ मिमी एकमेकांवर चढतात. तिथे तीन ठिकाणी पातळ तारेने बांधा. वरची आणि खालची कड कापताना आडव्या तारेला लागून कापा. उभ्या तारांची टोकं बाहेर राहिली तर वर भांड्याला चरे पाडतात आणि खाली जमिनीत घुसतात. उरलेली टोकं कानशीने घासा. नळकांडं सपाट फरशीवर उलटसुलट ठेवून बघा, हललं तर उंच राहिलेली बाजू पक्कडीने दाबून समतल करा. पातेल्याच्या आत ते बसायला हवं, म्हणून कापण्याआधी पातेल्याचा आतला व्यास मोजायला विसरू नका.

निघण्याआधीची चाचणी थंड्या पाण्यावर. बर्नर न पेटवता भरलेलं भांडं स्टँडवर ठेवा, सगळं एका फळीवर घ्या आणि फळीची एक बाजू हळूहळू उचला. ३०० मिमी लांबीच्या फळीचं टोक ८० मिमी उचललं की उतार साधारण १५ अंश होतो. तिथपर्यंत भांडं राहिलं पाहिजे, आणि ते तिन्ही बाजूंनी फिरवून तपासलं पाहिजे. मग पेटवून बघा. ५०० मिली पाणी १५ अंशांपासून उकळायला हिशोबाने साडेआठ मिली इथेनॉल पुरतं. आडोशात प्रत्यक्षात १५ ते २० मिली लागलं तर स्टँडची उंची बरोबर आहे असं समजा. २५च्या वर गेलं तर भांडं ५ मिमी खाली-वर करून पुन्हा मोजा. मिथेनॉल वापरत असाल तर त्यात उष्णता कमी असल्याने प्रमाण वाढतं, आणि ते विषारी आहे, हाताला लागू देऊ नये.

पेटत्या बर्नरमध्ये स्पिरिट ओतायचं नाही, विझल्यासारखा वाटला तरी नाही. आधी तळहात तोंडापासून वीतभर उंच धरून ऊब लागते का बघा, मग हातात धरण्याइतका गार होऊ द्या. विझवायला बर्नरवर उपडा बसेल असा छोटा डबा जवळ असू द्या. भांडं उचलून फुंकर मारली तर ज्योत विझत नाही, पसरते.