तुम्ही विचारलंत म्हणून: “नाना, तुम्ही नेत्यांना सांगत का नाही?”

लग्नात, दहाव्याला, पेणच्या एस. टी. स्टँडवर, परवा तर दाताच्या डॉक्टरकडे मी तोंड उघडून पडलेलो असताना हाच प्रश्न आला. “नाना, तुम्ही एवढे जुने सभासद. शेकापचं हे असं झालं, तुम्ही नेत्यांना काही सांगत का नाही?” शेकाप म्हणजे आमचा शेतकरी कामगार पक्ष. विचारणाऱ्यांपैकी बरेच जण आता दुसऱ्या पक्षात आहेत. बाकीचे 2 ऑगस्टच्या वर्धापनदिनाला कधी फिरकलेले नाहीत. पक्ष बुडाल्याची हळहळ मात्र सगळ्यांना, आणि जाब मला.

तर एकदाच सांगतो. सांगितलंय. मी सांगितलंय, माझ्या आधीच्यांनी सांगितलंय, गावोगावच्या चिटणीसांनी सांगितलंय. सल्ल्याचा दुष्काळ या पक्षात कधीच नव्हता. 2009 ला चार आमदार होते, 2014 ला तीन राहिले, 2019 ला एक, तोही लांब नांदेडच्या लोह्यातून. रायगडात त्या वेळी भोपळा. 2024 च्या जुलैत विधान परिषदेला आमचे सरचिटणीस जयंतभाई पाटलांना 12 मतं पडली, नोव्हेंबरात पुन्हा एकच आमदार, सांगोल्याचा. दर पडझडीनंतर आम्ही बसतो आणि तेच सांगतो: घरातल्या घरात पदं वाटू नका, तरुण पोरं पुढे आणा, आघाडीवाल्यांवर विसंबू नका, मोबाइलवर दिसा. सगळं रास्त आहे. पण हे सगळं उद्या केलं तरी पक्ष उभा राहील, असं मला वाटत नाही.

घराण्याचंच घ्या. हा आवडता मुद्दा, कारण बोलायला सोपा. पण सांगोल्यात 2024 ला जिंकले ते गणपतराव देशमुखांचे नातूच ना? आबा अकरा वेळा निवडून आले, 1972 आणि 1995 ला पडलेसुद्धा, पण पाण्याचा प्रश्न त्यांनी हातचा सोडला नाही. आटपाडीची पाणी परिषद, टेंभू आणि म्हैसाळच्या पाणी योजना, सूतगिरणी, हे वर्षानुवर्षं चालू होतं. 2019 ला त्यांच्या घरातला उमेदवार 768 मतांनी पडला, तरी माणसं विखुरली नाहीत. घराणं तिथंही आहे. फरक घराण्यात नाही.

नेते सोडून गेले म्हणून पक्ष संपला, हेही मी ऐकून घेत नाही. जयंतभाईंचे भाऊ, माजी आमदार पंडितशेठ 2025 ला भाजपमध्ये गेले, त्यावर इथे पानटपरीवर प्रबंध लिहिले गेले. अहो, ज्यांनी पक्ष काढला ते केशवराव जेधे आणि शंकरराव मोरेच काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले! यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात आमची कायम वजाबाकीच झाली. तरी 1977 ला आमचे पाच खासदार दिल्लीत होते. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील शेवटी 1999 ला शिवसेनेत गेले, आणि आज त्यांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्या म्हणून सगळ्या रंगांचे झेंडे एका रांगेत उभे राहतात. माणसं जाण्याची या पक्षाला सवय आहे.

मग गेलं काय? जमीन गेली.

मी गावच्या सेवा सोसायटीचा सचिव होतो. शेत विकायचं तर आधी सोसायटीचा बेबाकीचा दाखला लागतो, आणि त्यावर सही माझी. आमचं गाव हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या त्या 22 गावांतलं. 21 सप्टेंबर 2008 ला सेझसाठी, म्हणजे कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही यावर मतदान झालं. आमचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर त्या वयात उन्हातान्हात गावोगाव फिरले होते. निकाल काय लागणार ते रांगेतच कळत होतं. पुढे भूसंपादन बारगळलं, आम्ही गुलाल उधळला. त्यानंतर हळूहळू तीच माणसं माझ्या टेबलासमोर दाखल्यासाठी येऊ लागली. एकेक करून, थोडं खाली बघत. कंपनीला सक्तीनं द्यायची नव्हती ती जमीन दलालाला राजीखुशीनं गेली. शिवडी-न्हावा पुलाचं काम दिसायला लागलं तसे भाव आणखी चढले. शेकापचा रायगडातला पाया माझ्या सहीशिक्क्यानं सुटा सुटा विकला गेला, असं मी गमतीनं म्हणतो. गंमत फारशी नाही.

मीही विकली. सगळी नाही, खाडीकडची. खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीच्या बांधाला, खांड गेली की उधाणाचं पाणी आत, उघाडीची (पाणी सोडायच्या दाराची) फळी कुजलेली, खारभूमी खात्याकडे निधी नाही. दोन-चार वर्षं पीक गेलं की कांदळवन उगवतं, आणि कांदळवन उगवलं की ते तोडणं गुन्हा. मुलीच्या नर्सिंगची फी भरायची होती. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा विकीन. यावर मला कोणी उपदेश करू नये, आणि ज्यांनी स्वतः विकून बंगले बांधले त्यांनी तर मुळीच करू नये.

आता त्या बैठकीचं. खरं उत्तर तिथंच आहे, आणि मी ते आजवर टाळत आलो.

विधानसभेच्या निकालानंतर आमच्या भागातल्या सभासदांची बैठक होती, समाजमंदिरात. वरून एक नेते आले होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “आज मी बोलणार नाही. तुम्ही बोला, मी लिहून घेतो.” हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं: त्यांनी खरंच लिहून घेतलं. एकजण उरणवर बोलला, की महाविकास आघाडीतले दोघे एकमेकांसमोर उभे राहिले, आपला माणूस साडेसहा हजारांनी पडला आणि तिसऱ्यानं त्याच्या दसपट मतं खाल्ली. एकजण तिकिटावर बोलला, एकजण तिकीट न मिळाल्यावर. मग माझी पाळी. मी दोन फुलस्केप भरून मुद्दे आणले होते. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकरी संपापासून सुरुवात केली. 1933 पासून सहा वर्षं शेतं ओसाड ठेवून लोक लाकडं विकून जगले आणि त्यातून कुळांना कायदा मिळाला. मग पक्षाचं धोरण सांगणारा दाभाडीचा प्रबंध, मग 1984 चं जासईचं जमिनीसाठीचं आंदोलन, मग सेझ. मग अभ्यास शिबिरं पुन्हा सुरू करा, खारबंदिस्तीवर मोर्चा काढा, असं. मला वाटतं मी बरा बोलत होतो.

मागच्या भिंतीला टेकून एक पोरगा उभा होता. त्याचा बाप आमचा जुना सभासद, आता नाही. तो म्हणाला, “नाना, तुमचे कागदान मी कुठं हाय?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“कुलकायदा झाला, सेझ झाला. माजे बापाची जमीन आता नाय. मी यार्डान फोर्कलिफ्ट चालवतो. बारा तास. पगार आठ तासाचा. पीएफ कापतान, पन खात्यान दिसत नाय. माजा ठेकेदार हा काय, पयले रांगेन बसलाय. यालाच काय तो सल्ला द्या ना.”

ठेकेदार खरंच पहिल्या रांगेत होता. आमचाच माणूस. आमच्या बूथचा चहा, गाड्या, पोरांचं जेवण, बॅनर, सगळं त्याच्या खिशातून. तो हसला, मागे वळून म्हणाला, “पोऱ्या, सभा संपली का भेट मना.” नेते म्हणाले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, यावर वेगळी बैठक लावू. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण माईक माझ्या हातात होता.

मी पुढचा मुद्दा वाचला.

त्या पोराला त्या ठेकेदाराकडे मीच चिकटवलं होतं. त्याचा बाप माझ्याकडे आला होता, मी शब्द टाकला होता. इथे उरण-पनवेलच्या पट्ट्यात यार्डातली, गोदामातली कामं अशीच मिळतात, आणि माणसं पुरवणारे सगळ्या पक्षांत आहेत, कधी एकाच घरात दोन पक्षांचे. हे तुम्हाला माहीत आहे. ते बंद करा म्हणणं सोपं, पण त्या दिवशी मी तसं म्हटलं असतं तर त्या पोराची नोकरी सकाळपर्यंत टिकली असती का?

1984 चा मी यावर ऐकून घेत नाही. तो विशीतला, पेणहून मिळेल त्या गाडीनं जासईला गेलेला, पाच माणसं गोळीबारात पडल्यावर आठवडाभर नीट न जेवलेला. तो म्हणतो, ठेकेदाराला त्याच क्षणी उठवायला हवं होतं. मी त्याला म्हणतो, तुला बूथचा खर्च कधी भरावा लागला नाही, तुला नाही कळायचं. तो म्हणतो, दि. बां.नी कोणाच्या खिशातून मोर्चा काढला होता? मी म्हणतो, तेव्हा लोक स्वतःची भाकरी बांधून यायचे. तो म्हणतो, का यायचे? इथं मी विषय बदलतो.

पुढे काय झालं तेही ऐका. पोराची नोकरी काही महिन्यांत गेली. सोडली की सुटली हे तो सांगत नाही, मीही खोदून विचारत नाही. कुठल्याच पक्षाच्या बैठकीला तो आता येत नाही. आणि ज्याला सांभाळायला मी तो पुढचा मुद्दा वाचला, तो ठेकेदार पुढच्या पावसाळ्याच्या आत सत्ताधारी पक्षात गेला. त्याच्या प्रवेशाच्या बॅनरवर आमच्या गावची ओळखीची तोंडं होती. एक बाकी फायदा झाला, आमच्या बूथवर आता कुणाचा मिंधेपणा नाही. चहाही नाही.

म्हणून सल्ला विचाराल तर माझा आता एकच आहे, आणि तो नेत्यांना आवडत नाही. यार्डात, गोदामात, विमानतळाच्या कामावर जे ठेक्यावर राबतात त्यांची नावं गावागावांत लिहून काढा, त्यांच्या पीएफचे कागद बघा, त्यांचा एक तरी दावा कामगार आयुक्तांकडे शेवटापर्यंत लढवा. आणि माणसं पुरवण्याचा धंदा करणाऱ्याला पक्षाचं पद देऊ नका, निदान एका तालुक्यात तरी. खारबंदिस्तीचा प्रश्न माझा जिव्हाळ्याचा, पण ज्यांची जमीनच उरली नाही त्यांना मी उघाडीची फळी किती दिवस दाखवू?

आमचे तात्या यावर हसतात. ते माझ्याहून जुने, आणि पक्षावर त्यांची माया माझ्याहून जास्त. त्यांचं म्हणणं, ठेकेदार नको तर खर्च वर्गणीवर आला. गावात लोक गणपतीला देतात, कबड्डीला देतात, पक्षाला कोण देणार? मी चरीचा दाखला दिला, तर म्हणाले, “त्यांना दुसरी वाट नव्हती रे. आता गावात चार पक्षांची ऑफिसं आहेत आणि चारही ठिकाणी एसी.” याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्यात आता नवीन नगराचा घोळ. 2024 ला उरण, पनवेल, पेणमधली 124 गावं एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) नव्या शहराच्या नकाशात गेली आणि गावोगाव हरकतींचे अर्ज भरले गेले. आमच्याकडे मीही अर्ज लिहून दिले. हात अजून चालतो. पण सुरुवातीलाच पोरांनी बजावलं, “नाना, झेंडा आणू नका, सगळ्या पक्षांचे लोक आहेत.” मी नाही आणला. अर्ज भराभर झाले. लोक आले, बोलले, सातबारे घेऊन रात्री उशिरापर्यंत बसले. तशी गर्दी मी आमच्या बैठकीला कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. तात्या म्हणतात, हेच काम झेंड्याखाली करायला हवं होतं, नाहीतर श्रेय हरकतींच्या समितीला आणि मतं भलत्यालाच. मला ते पटतं. मग वाटतं, झेंडा असता तर निम्मे लोक आलेच नसते. मग वाटतं, झेंडा नसताना काम होत असेल तर पक्ष उभा करा, उभा करा म्हणून आम्ही नेत्यांच्या मागे लागतो ते नक्की कशासाठी? या तिन्ही गोष्टी मला आलटूनपालटून खऱ्या वाटतात, आणि रात्री कुठली वाटेल ते मी सांगू शकत नाही.

तालुक्याची बैठक लवकरच आहे. तात्या ठेकेदारांना ठेवा म्हणून बोलणार आहेत, मी काढा म्हणून. दोघांपैकी कोणाचं तरी चुकतंय असं वाटत असेल तर येऊन सांगा. बोलायला कोणालाही देतात, फक्त सभासदाची पावती लागते.