ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पोटातले दोन मजले : माझा अनुभव

लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचा आमचा भाग; तिथल्या कुठल्याही मराठी घरात जा, किल्ल्यातल्या भुयाराची गोष्ट निघणारच. कुणाच्या मते ते झाशीला जातं, कुणाच्या मते आग्र्याला, आमच्या आजीचं भुयार नरवरला निघायचं आणि त्यातून म्हणे घोडेस्वार जायचे. पण मानमंदिराच्या, म्हणजे किल्ल्यावरच्या जुन्या राजवाड्याच्या, खालच्या मजल्यांत उतरून आलेली माणसं आमच्या नात्यागोत्यात शोधावी लागतील. पाहुणे आले की गाडीने उरवाई गेटवरून वर न्यायचं, निळ्या टाइल्सपुढे फोटो, सास-बहू आणि तेली का मंदिर ही देवळं, गुरुद्वाऱ्यात लंगर आणि परत येताना बाड्यावरच्या बाजारात खरेदी, असा ठरलेला कार्यक्रम असतो.

माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर करते, ती सुट्टीत आली आणि म्हणाली मावशी, मला वरचं काही नको, मला फक्त जमिनीखालचं आणि जे कुणी दाखवत नाही ते बघायचंय. म्हणून आम्ही नीट ठरवून, गाइड घेऊन, पायी वर जाऊन हे केलं. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे सीझन. सगळे सांगतात थंडीत जा, बाकी किल्ल्यासाठी ते बरोबरच आहे, पण तळघरं बघायची असतील तर मी म्हणेन मार्च संपता संपता किंवा एप्रिलच्या सुरुवातीला जा, जेव्हा दहा-साडेदहालाच ऊन चटके द्यायला लागतं. कारण ती तळघरं कशासाठी बांधली ते अंगाला कळावं लागतं, नाहीतर नुसत्या अंधाऱ्या खोल्या दिसतात. इथला मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो आणि दगड रात्रीसुद्धा तापलेला असतो.

आम्ही ग्वालियर गेटच्या बाजूने पायी चढलो. इथून गाडी वर जात नाही त्यामुळे गर्दी कमी असते आणि किल्ला कसा राखलेला होता ते एकेक दरवाजा ओलांडताना समजतं. पहिला आलमगिरी दरवाजा १६६० चा, मग उजवीकडे गुजरी महाल, जिथे आता म्युझियम आहे (सोमवारी बंद असतं, तेवढं बघून जा). हा महाल ज्या राणीचा, त्या मृगनयनीने राजा मानसिंगाला लग्नाची अट घातली होती म्हणे, की माझ्या गावच्या राई नदीचं पाणी माझ्या महालापर्यंत आलं पाहिजे, ही गोष्ट इथे प्रत्येकाला पाठ आहे.

त्याच चढणीवर चतुर्भुज मंदिर लागतं. अख्खं खडकात कोरलेलं, एवढंसं, लोक धापा टाकत त्याच्या समोरून निघून जातात. आतल्या भिंतीवर विक्रम संवत ९३३ चा म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे, त्यात देवळाच्या बागेसाठी दिलेल्या जमिनीचं माप २७० हात लांब आणि १८७ हात रुंद असं कोरलंय आणि देवाला रोज ५० हार देण्याची सोय केलीय. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आजही आपण काढतो तसंच गोल आहे, फक्त जरा लहान. हजार-बाराशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने फुलांचा हिशोब लिहिला आणि त्यात शून्य राहून गेलं, मला हे सगळ्या खजिन्यांपेक्षा मोठं वाटतं. भाची बराच वेळ तिथून हलायलाच तयार नव्हती, डोळे दगडाजवळ नेऊन बघत होती. किल्ल्यावरची सगळ्यात लपलेली जागा मला विचाराल तर हीच, आणि ती भर रस्त्यात आहे.

हाथी पोलमधून वर आलं की मानमंदिर. तिकिटं वेगवेगळी आहेत, मानमंदिराचं केंद्राच्या पुरातत्व खात्याचं आणि पलीकडच्या जहांगीर महाल, करण महाल वगैरेचं राज्याच्या खात्याचं, तेव्हा दोन्ही घ्या. गाइड ओळखपत्रवालाच घ्या आणि पैशाचं बोलायच्या आधी एकच प्रश्न विचारा, "नीचे की दोनों मंज़िलें दिखाओगे?" कारण काही जण पहिल्या तळघरातूनच परत फिरवतात, खालच्याचं नाव काढलं की म्हणतात वहाँ कुछ नहीं है, चमगादड़ हैं. आम्हाला एक वयस्कर गाइड भेटले, भाची त्यांना काका म्हणायला लागली तर तेही खूश झाले. त्यांनी आधीच सांगितलं की जिने अरुंद आहेत, पायऱ्या उंच आहेत, कुणाला धाप लागत असेल किंवा बंद जागेत घाबरायला होत असेल तर वरच थांबा, आणि मोबाइलची बॅटरी चालेल पण एक हात भिंतीला लावायला मोकळा पाहिजे. हे खरंच पाळा. पुढे ओढणी नाकाला बांधायलाही लागते.

मानमंदिर तोमर राजा मानसिंगाचं, त्याचं राज्य १४८६ ते १५१६. बाहेरून त्याची पूर्वेची भिंत, बुरूज, टाइल्समधली बदकं आणि केळीची झाडं सगळ्यांना ठाऊक असतात. आत दोन चौक, भोवती खोल्या, दगडी जाळ्या, मोराचे ब्रॅकेट. मानसिंग स्वतः संगीतातला जाणकार, ध्रुपदाला त्याने मोठा आश्रय दिला, आणि जाळीमागे बसून राण्या गाणं शिकायच्या असं काकांनी सांगितलं. हे सगळं जमिनीवरचं. या चौकांच्या खाली, कड्याच्या बाजूला आणखी दोन मजले आहेत आणि वरून बघताना त्याचा पत्ताही लागत नाही.

जिना भिंतीच्या जाडीतून खाली जातो. एका वेळी एकच माणूस मावतो, समोरून कुणी आलं तर कुणाला तरी मागे जावं लागतं, म्हणून गाइड लोक वरून ओरडून विचारतात की खाली कुणी आहे का. दोन वळणं उतरलो आणि बाहेरची ऊब एकदम गेली. म्हणजे खरंच एखाद्या रेषेवर संपावी तशी गेली. हवा थंड, आणि त्याच्या पाठोपाठ वटवाघळांचा तो उग्र वास. पहिल्या तळघरात खांबांनी वेढलेलं गोल दालन आहे, छताला कड्या आहेत. काका म्हणाले हे झूलाघर, राण्यांचे झोके इथे टांगलेले असायचे आणि भर उन्हाळ्यात त्या इथेच राहायच्या. त्याच्या खाली अजून एक गोल दालन आहे, मधे खोलगट हौदासारखी जागा, त्याला केसर कुंड म्हणतात, स्नानासाठी होतं असं सांगतात.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. या भिंतींत तिरके झरोके ठेवलेत, त्यातून हवाही येते आणि उजेडाचा एक पट्टाही. काकांनी बॅटऱ्या बंद करायला लावल्या आणि म्हणाले थांबा जरा. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, मग हळूहळू खांबांच्या कडा, मग छत, मग समोरच्याचा चेहरा. वर आल्यावर मी भाचीला सांगितलं की बाबर १५२८ मध्ये हा महाल बघायला आला होता, त्याने लिहून ठेवलंय की खालचे मजले फार अंधारे आहेत, थोडा वेळ बसलं की थोडंफार दिसायला लागतं, आणि तो दिवे घेऊन हिंडला. जवळजवळ पाचशे वर्षं झाली तरी तिथे उतरलेल्या माणसाला तेच करावं लागतं.

झरोक्यांशिवाय भिंतीत नळीसारखी भोकं पण आहेत, गाइड लोक त्यांना टेलिफोन म्हणतात. भाचीला काकांनी वर पाठवलं, मला खाली भोकापाशी उभं केलं. ती तिकडे अगदी हळू "मावशी, भूक लागली" म्हणाली आणि ते माझ्या कानाशी बोलल्यासारखं आलं. मग ती बराच वेळ वर-खाली पळत मोजमापं घेत बसली, कुठली नळी कुठे निघते याचं स्केच काढलं. तिचं म्हणणं असं की वीज नाही, पंखा नाही, नुसती भिंतीची जाडी, डोंगराचा थंडावा आणि भोकांचा कोन यावर हे चालवलंय आणि आज शिकणाऱ्यांनी हे इथे येऊन बघायला पाहिजे. मला तिचं शंभर टक्के पटलं. एखाद्या भुयारातून घोडेस्वार गेले असतील नसतील, पण उन्हाळ्यातून माणसांना वाचवणारा हा जमिनीखालचा महाल खराखुरा समोर उभा आहे.

आणि तोच पुढे तुरुंग झाला. मोगलांनी ग्वाल्हेरचा किल्ला राजघराण्यातल्या कैद्यांसाठी वापरला. ज्या कड्यांना झोके होते त्यांना माणसं लटकवली असं गाइड सांगतात, म्हणून त्या दालनाला फाँसीघर पण म्हणतात. कड्यांचं जे काय असेल ते असो, कैद्यांची नावं इतिहासात आहेत. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुरादबक्ष, ज्याच्या मदतीने त्याने थोरल्या भावाला, दारा शिकोहला हरवलं, तो या किल्ल्यात कैदेत होता आणि डिसेंबर १६६१ मध्ये त्याला इथेच मारलं. दाराचा मुलगा सुलेमान शिकोह त्याला औरंगजेबापुढे उभं केलं तेव्हा म्हणाला होता की मला पोस्त पाजणार असाल तर आत्ताच मारून टाका. पोस्त म्हणजे अफूच्या बोंडांचं पाणी, रोज सकाळी पाजायचं, माणूस हळूहळू झिजत जातो आणि त्याचं डोकंही काम करेनासं होतं. औरंगजेबाने पाजणार नाही असा शब्द दिला. तो पाळला नाही, आणि १६६२ मध्ये सुलेमान याच किल्ल्यात संपला. हे मी आधी वाचलेलं होतं, पण त्या गार दालनात उभं राहून आठवलं तेव्हा पोटात कालवलं. पंचवीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा होता तो.

वर येऊन ऊन इतकं लागलं की डोळे मिटून घ्यावे लागले, पाणी प्यायलो, मग पलीकडे जौहर कुंडावर गेलो. १२३२ मध्ये इल्तुतमिशने किल्ला घेतला तेव्हा बायकांनी जिथे जौहर केला ती ही जागा म्हणून दाखवतात. तिथे मी फोटो काढले नाहीत, भाचीनेही काढले नाहीत. नंतर अस्सी खंबा बावडी, जमिनीत उतरलेली गोल विहीर आणि भोवती खांबांचं कडं. किल्ला एवढे वेढे सोसू शकला तो या पाण्यावर. वर सूरज कुंड, गंगोला ताल, राणी ताल, चेडी ताल अशी तळीच तळी आहेत. माझं स्पष्ट मत आहे की कुणी तुम्हाला भुयार दाखवतो म्हणाला तर त्याला म्हणावं भुयार राहू दे, पाणी कुठून कुठे जायचं ते दाखव.

गुरुद्वाऱ्यात मात्र नक्की जा, दाता बंदी छोड. शिखांचे गुरु हरगोबिंद यांना जहांगीरने याच किल्ल्यात डांबलं होतं आणि सुटताना त्यांनी सोबत ५२ राजांना सोडवून नेलं, त्यांचा झगा धरून राजे बाहेर पडले अशी श्रद्धा आहे. तळघरांतून आल्यावर तिथे बसलं की फार बरं वाटतं. लंगरही झाला, भाचीची भूकही भागली.

आता गंगाजळीबद्दल, कारण लष्करातले सगळे विचारतातच. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या तळघरांत होता, त्याला गंगाजळी म्हणायचे, आणि तिथे पोचायची खूण सांगणारं बिजक फक्त महाराजांना ठाऊक असायचं. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात, तो १८८६ मध्ये परत मिळाला आणि त्याच वर्षी महाराज जयाजीराव गेले, तेव्हा त्यांचे चिरंजीव माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. म्हणजे इतकी वर्षं गोऱ्या शिपायांच्या बुटांखाली खजिना पडून होता आणि त्यांना पत्ता नव्हता, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. काकांना विचारलं ती तळघरं कुठेत, तर ते हसले आणि म्हणाले, "मैडम, पता होता तो मैं गाइड होता?" ती जागा टूरमध्ये नाही, कुणी पैसे घेऊन दाखवतो म्हणाला तर देऊ नका.

गोपाचलच्या, म्हणजे किल्ल्याच्या डोंगरात कोरलेल्या, जैन मूर्तींसाठी वेगळी सकाळ ठेवा, एका दिवसात कोंबू नका. डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह तोमर यांच्या काळात, पंधराव्या शतकात, अख्खा कडा कोरून काढलाय. उरवाईच्या उतारावरच्या मूर्ती गाडीतून दिसतात, तिथली आदिनाथांची उभी मूर्ती सत्तावन्न फुटांच्या घरात आहे. बाबराने त्या विद्रूप करायला लावल्या, बऱ्याच मूर्तींचे चेहरे नंतर दुरुस्त केलेत, जवळून बघितलं की जोड कळतो. पण पूर्वेकडचा, एक पत्थर की बावडीजवळचा समूह बघायला खालून चढून जावं लागतं आणि तिकडे फार कमी लोक जातात. तिथे पद्मासनातले पार्श्वनाथ आहेत, आणि पाण्याचं टाकं तर खडकातच खोदलंय, आत पाणी गार आणि स्वच्छ. कडा पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी आठच्या आत पोचा, ऊन थेट मूर्तींवर येतं. चपला खाली काढाव्या लागतात आणि नऊनंतर तो दगड अनवाणी चालू देत नाही, तेव्हा मोजे घेऊन जा.