उजवा गुडघा आणि मागचं ३४ दात्यांचं चक्र: बारा आठवड्यांची नोंद

आठवडा १

गुडघा दुखला तो सायकलवर नाही, जिना उतरताना. आदल्या दिवशीची १२० किलोमीटरची राइड छान झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीवर उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ आली आणि कठडा धरावा लागला. जिना चढताना काही नाही, सपाटीवर चालताना काही नाही. फक्त उतरताना, आणि बराच वेळ खुर्चीत बसून उठताना.

तीन-साडेतीन महिन्यांनी मला माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. मुदत १३ तास ३० मिनिटं, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरच्या थोडं खाली. वेगाची चिंता नव्हती, आता गुडघ्याची लागली. म्हणून ही नोंदवही सुरू केली. रोज सकाळी जिना उतरायचा आणि दुखण्याला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. पहिल्या दिवशीचा आकडा ६.

फिजिओथेरपिस्टनी गुडघा तपासला. सूज नाही, सांधा अडकत नाही, उभं असताना पाय लटका पडत नाही, रात्री झोपेत दुखत नाही. यातलं काही असतं तर पुढच्या तपासण्या लागल्या असत्या. (तुमच्यापैकी कुणाला यातलं काही होत असेल तर गिअरचे प्रयोग करत बसू नका, आधी दाखवून या.) मग त्यांनी विचारलं, "कुठल्या गिअरमध्ये चालवता?" मला उत्तरच देता आलं नाही. "जरा जड" एवढंच मी म्हणाले. इतकी वर्षं सायकल चालवतेय आणि पायावर काय ओझं टाकतेय ते आकड्यांत ठाऊक नव्हतं, हे फार लागलं मनाला.

घरी येऊन गिअरच्या चक्रांचे दाते मोजले. पुढे ५० आणि ३४, मागे ११ ते २८. सायकल कॉम्प्युटरमधल्या जुन्या राइड काढल्या. सपाट रस्त्यावर ताशी २४ ला मी ५०/१७ (पुढे ५०, मागे १७) मध्ये असते आणि कॅडन्स, म्हणजे पेडलच्या मिनिटाला फेऱ्या, पडतो ६५. लांब चढावर सर्वांत हलक्या ३४/२८ मध्ये ४९. त्यातल्या तीव्र तुकड्यांवर ४५.

आठवडा २

राइड बंद, वाचन आणि हिशेब चालू.

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते. मांडीचा पुढचा स्नायू ओढ घेतो तेव्हा ती हाडावर दाबली जाते, आणि गुडघा जितका वाकलेला तितका त्याच ओढीत दाब जास्त. पेडल सर्वांत वर असतं तेव्हा गुडघा सर्वांत जास्त वाकलेला असतो. जड गिअरमध्ये वरून पेडल पुढे आलं की लगेच, गुडघा अजून बराच वाकलेला असतानाच, पाय रेटावा लागतो. जिना उतरतानाही वाकलेल्या गुडघ्यावर सगळं वजन पेलायचं असतं. म्हणून कळ तिथे आली.

आता आकडे. माझा १७० मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) आणि १२० वॉट ताकद धरली, तर ९० कॅडन्सला पेडलवर सरासरी ७५ न्यूटन जोर पडतो, म्हणजे साधारण साडेसात किलो. ६० ला ११२ न्यूटन. ४५ ला १५०, अगदी दुप्पट. ही पूर्ण फेरीची सरासरी झाली. खरा जोर पाय खाली जाताना लागतो, त्यामुळे प्रत्येक फेरीतला सर्वांत मोठा दाब याहून बराच वर जातो. वेग तोच, वॉट तेच, रस्ता तोच, आणि मी पावलागणिक दीडपट-दुप्पट रेटत होते. हा कागद मी सायकलच्या स्टँडवर चिकटवून ठेवलाय.

सकाळचा आकडा ४.

आठवडा ३

गिअरच्या आधी सॅडल (बसायची सीट) पाहिली, कारण सॅडल खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि मग गिअर कितीही हलका लावा. भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये पुस्तक घट्ट वर धरून आतल्या पायाची उंची मोजली: ७८ सेंटिमीटर. सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जाणारा ०.८८३ चा गुणक लावला तर बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत ६८.९ यायला हवं. माझी भरली ६७. सायकल दोनदा गाडीतून नेताना सॅडल उतरवली होती, परत बसवताना नजरेच्या अंदाजाने बसवली होती. दोन सेंटिमीटर असे गेले.

एकदम दोन सेंटिमीटर वर नेऊ नका. मी दर दोन राइडला ५ मिलिमीटर नेली. ६९.२ ला गुडघ्याच्या मागे, मांडीची शीर जिथे संपते तिथे ओढ जाणवली, म्हणून ६८.८ वर परत आले. पेडल सर्वांत खाली ठेवून, बाजूने फोटो काढून कोन मोजला. आधी पाय ४१ अंश वाकलेला होता, आता ३२. २५ ते ३५ मध्ये असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. सीटपोस्टवर काळ्या इन्सुलेशन टेपचा एक वेढा दिलाय. आता कितीही वेळा उतरवली तरी टेपचा काठ क्लॅम्पला टेकला की उंची बरोबर.

आठवडा ४ आणि ५

सपाटीवर कॅडन्सचा सराव. ताशी २४ साठीच ५०/१७ ऐवजी ५०/२१ लावला की एका फेरीत सायकल ५ मीटर जाते आणि कॅडन्स ८० येतो. मागे फक्त दोन क्लिक, म्हणजे दोन चक्रं हलकं.

पहिले चार दिवस अवघड गेले. ८५ च्या वर गेलं की नितंब सॅडलवर उडायला लागायचे आणि हृदयाचे ठोके त्याच वेगाला मिनिटाला ८-१० ने जास्त. यात नवल नाही. पाय नुसते फिरवायलाही प्राणवायू खर्च होतो, स्नायूंवरचं ओझं थोडं हृदय-फुप्फुसांकडे जातं. ते हळूहळू सरावतात, कुरकुरणाऱ्या गुडघ्याला ती सवलत कमी. रोज १ मिनिट ९५, मग ३ मिनिटं ८०, असं सहा वेळा केलं. उडणं थांबवायला एकच गोष्ट कामाला आली: पाय खाली रेटायचा विचार सोडून, तळाशी आल्यावर चपलेला लागलेला चिखल पुसतोय तसा मागे ओढायचा. पाचव्या आठवड्याच्या शेवटी ८० सवयीचा झाला.

सकाळचे आकडे: ३, ३, २, ४, ३, २.

तो मधला ४ कुठून आला हे शोधताना मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडली. त्या दिवशी चढ नव्हताच. शहरातून ३८ किलोमीटर सपाट राइड होती, कॅडन्सची सरासरी ७८. मग रेकॉर्डिंग सेकंदासेकंदाला उघडून पाहिलं. त्या राइडमध्ये मी २७ वेळा थांबून पुन्हा निघाले होते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कॅडन्स शून्यापासून २०, ३०, ३५ असा रखडत वर चढला होता. सिग्नल दिसला की मी ब्रेक दाबत होते, गिअर मात्र ५०/१७ मध्येच. मग हिरवा दिवा लागला की वाकलेल्या उजव्या गुडघ्याने, कारण मी नेहमी उजव्या पायाने निघते, शंभर-दीडशे मीटर तो गिअर ओढून काढत होते. मी इतके दिवस चढाला दोष देत होते. चढ महिन्यात चार. सिग्नल रोज पंचवीस.

डिरेल्युअरच्या (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेच्या) सायकलला थांबल्यावर गिअर बदलता येत नाही, पेडल फिरतं असतानाच बदलावा लागतो. त्यामुळे आता ब्रेकच्या आधी मागे तीन क्लिक हलके, मग ब्रेक. निघताना पहिल्या दोन-तीन फेऱ्या पाय जवळजवळ रिकामा फिरतो, आणि तो तसाच फिरायला हवा. एक दिवस डाव्या पायानेही निघून पाहिलं. दोन दिवसांत जमलं.

आठवडा ६

मागचं कॅसेट (चक्रांचा संच) बदललं, ११-२८ च्या जागी ११-३४. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते, कारण नुसतं कॅसेट घेऊन भागत नाही.

डिरेल्युअरला किती ढिली चेन सावरता येते याला मर्यादा असते. ती दात्यांत मोजतात: पुढच्या दोन चक्रांतला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या-लहान चक्रांतला फरक. माझ्याकडे आधी १६ + १७ = ३३ होते, आता १६ + २३ = ३९. आखूड पिंजऱ्याच्या (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) डिरेल्युअरला हे झेपत नाही, मध्यम पिंजऱ्याचा घ्यावा लागला. चेनही लांब लागते. जोडणी करणाऱ्या मेकॅनिकने नवी चेन जुनीच्या लांबीइतकी कापली होती. स्टँडवर ५०/३४ लावून पाहिलं तर पिंजरा पुढे ताणून अगदी सरळ झाला होता, आणखी थोडं फिरवलं असतं तर हँगर (डिरेल्युअर ज्याला लटकतो तो तुकडा) वाकला असता. चेन परत मोजून घेतली. मोठ्या-मोठ्या चक्रांवरून, डिरेल्युअर न घेता वेढा द्यायचा आणि त्यात दोन कड्या वाढवायच्या. जोडल्यावर रस्त्यावर जाण्याआधी स्टँडवर हे एकदा बघाच.

तोटा एकच. जुन्या कॅसेटमध्ये १२ आणि १४ होते, नव्यात १५ वरून थेट १३. वारा पाठीशी असताना जलद चालवताना ती फट जाणवते. मला चालेल.

आमच्या गटात ३४ चं चक्र पाहून दोघांनी भुवया उंचावल्या. जड गिअरचा हा अभिमान फार जुना आहे. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारे सेंत एतिएनचे पॉल द व्हिव्ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लांब पल्ल्यासाठी बदलत्या गिअरचा आग्रह धरत होते, आणि टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअरला सरसकट परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर त्यांच्या मृत्यूला सात वर्षं झाली होती. व्हेलोसिओ स्वतः डोंगरातले लांबलांबचे प्रवास करणारे सायकलस्वार. मी त्यांच्या बाजूची आहे.

आठवडा ८

नेहमीचा ४ किलोमीटरचा चढ, सरासरी ७ टक्के. आधी ३४/२८ मध्ये ३२ मिनिटं, कॅडन्स ४९. आज ३४/३४ मध्ये ३२ मिनिटं ४० सेकंद, कॅडन्स ५८. चाळीस सेकंद गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा १. हा सौदा मी रोज करीन.

खरं तर ५८ सुद्धा मला कमीच वाटतो. पण गिअरइतकंच महत्त्व तो कधी बदलता याला आहे हे आज नीट कळलं. आधी मी पाय जड झाल्यावर बदलायचे. तेव्हा चेनवर ताण असतो, खडाक् आवाज होतो, एक फेरी अडते आणि गुडघा तो धक्का खातो. आता चढाचा पाया यायच्या वीसेक मीटर आधी पुढचं चक्र ५० वरून ३४ वर टाकते. तसं केलं की गिअर एकदम एक तृतीयांशाने हलका होतो आणि पाय भिरभिरतात, म्हणून त्याच वेळी मागे दोन क्लिक जड. ५०/२१ वरून ३४/१७. मग चढ जसा वाढेल तसं मागे एक-एक क्लिक हलकं करत जायचं. आमच्यातले एक ज्येष्ठ काका मागून येत होते, ते वर पोचल्यावर म्हणाले, "आज तुझ्या चेनचा आवाजच आला नाही." त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

आठवडा १०

मध्येच गुडघ्याच्या आतल्या बाजूला नवी दुखरी जागा. झिजलेले क्लीट (बुटाच्या तळाचे, पेडलमध्ये अडकणारे तुकडे) बदलताना मी शिमानोचे लाल आणले होते. लाल पायाला ० अंश हलू देतात, निळे २, पिवळे ६. माझा उजवा पाय किंचित बाहेर वळलेला असतो, तो जखडला गेला. पिवळे लावले, चार दिवसांत थांबलं. शिवाय आठवड्यातून दोनदा कमी उंचीच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरण्याचा आणि पाठीवर झोपून कंबर उचलण्याचा व्यायाम चालू आहे.

आठवडा १२

१६० किलोमीटर. सायकलवर ७ तास १० मिनिटं, सरासरी कॅडन्स ७६. म्हणजे प्रत्येक पायाच्या ३२ हजारांहून जास्त फेऱ्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वेगाचा आकडा लहान केलाय आणि कॅडन्स मोठा. शेवटच्या ३० किलोमीटरमध्ये दमल्यावर तो ६८ पर्यंत घसरत होता. दमलं की मी आपोआप जड गिअरकडे जाते हे तिथे दिसलं, म्हणून दर वेळी एक क्लिक हलकं केलं.

२०० ला काही तीव्र चढ आहेत. तिथे ३४/३४ पुरेल असं वाटतं. नाही पुरलं तर हिवाळ्यात पुढे ४६ आणि ३० ची चक्रं लावायचा विचार आहे, ३०/३४ मध्ये एका फेरीला १.८५ मीटर. कुणी पुढच्या ५० आणि ३४ च्या जोडीवरून ४६ आणि ३० च्या जोडीवर गेलं असेल तर पुढचा डिरेल्युअर पुरेसा खाली बसला का, तेवढं सांगा.

आज सकाळी जिना उतरले. कठड्याला हात न लावता, तिसरी पायरीसुद्धा. आकडा ०. पुढची नोंद २०० नंतर.